रेस दिली की थरथरणारी गाडी: स्टेथोस्कोप, ओबीडी स्कॅनर आणि मोबाइल यातलं खरं कामाचं काय?

रेस दिली की गाडी थरथरते, पाय उचलला की शांत होते. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजला गेली की बऱ्याच ठिकाणी क्रम ठरलेला असतो. आधी अलाइनमेंट-बॅलन्सिंग, मग पुढचे दोन टायर, मग लोअर आर्मचे बुश (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचे रबर), आणि शेवटी एक्सल (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारी दांडी). प्रत्येक टप्प्याला गाडीमालकाचे पैसे जातात आणि थरथर तिथंच राहते. पाय उचलल्याबरोबर थांबणारी थरथर बॅलन्सिंगची असूच शकत नाही. टायरला रेस दिली की नाही हे कळत नसतं, त्याला फक्त किती वेगानं फिरायचं तेवढं कळतं. निदान इथूनच सुरू व्हायला हवं आणि नेमकं इथंच ते चुकतं.

घरच्या घरी निदान करायला तीन साधनं आज कुणालाही परवडतात: मेकॅनिकचा स्टेथोस्कोप, गाडीच्या कंप्युटरनं नोंदवलेले दोष वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर आणि खिशातला मोबाइल. लातूर, नांदेड, बीडकडच्या गाडीमालकाला यातलं काय घेण्यासारखं आहे ते इथं तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो. स्टेथोस्कोप डोळे झाकून घ्या. स्कॅनर घ्या, पण तो आवाज शोधून देईल अशी आशा धरू नका. मोबाइलमधलं फुकटचं ॲप थरथरीसाठी या दोघांपेक्षा नेमकं आहे, फक्त थोडा गुणाकार करायची तयारी हवी.

साधन हातात घेण्याआधी

आवाज कशाच्या मागे धावतो हे आधी ठरवा. शक्यता तीनच: इंजिनच्या फेऱ्यांच्या मागे, गाडीच्या वेगाच्या मागे, किंवा इंजिनवर पडणाऱ्या ओझ्याच्या मागे.

गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. आवाज आला तर तो इंजिन, बेल्ट, सायलेन्सर किंवा फाउंडेशनचा (इंजिन ज्या रबरी टेकूंवर बसतं त्यांचा). चाकं, एक्सल, हब बेअरिंग बाद झाले. उभ्या गाडीत आला नाही तर मोकळ्या सरळ रस्त्यावर जा. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगाला क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा, इंजिन चालू ठेवूनच. किल्ली बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला आणि वेग उतरेल तसा उतरला तर टायर, बेअरिंग, रिम. न्यूट्रल करताच गायब झाला तर ओझ्याचा: एक्सलचा आतला जॉइंट, फाउंडेशन, प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांडीचा) सांधा म्हणजे क्रॉस, मागच्या एक्सलमधले गिअर म्हणजे क्राऊन-पिनियन, किंवा इंजिन मिस मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधला स्फोट हुकतोय.

तिसरी चाचणी लोक करत नाहीत, पण खरा निकाल तीच देते. ६० च्या वेगाला आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालवा, मग चौथ्यात, मग पाचव्यात. वेग तोच, इंजिनच्या फेऱ्या वेगळ्या. थरथर तिन्हींत सारखीच असेल तर ती चाकांकडची. गिअरसोबत बदलत असेल तर इंजिनाकडची. पाचव्यात रेस देताना 'टर्रर्र' असा धातूचा बारीक आवाज येत असेल आणि तिसऱ्यात जाताच थांबत असेल तर ते पेट्रोल इंजिनचं नॉकिंग: वेगापेक्षा मोठा गिअर, कार्बन, किंवा इग्निशनची वेळ. त्यासाठी कुठलाच पार्ट बदलायच्या आधी गिअर एकानं खाली टाकून चालवून बघा.

गाडी कुठल्या रस्त्यावर आहे हेही लक्षात घ्या. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा आहे. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून समृद्धीवर चढलं की टायरची घूं एकदम वाढते आणि बेअरिंग गेल्याचा भास होतो. तीच गाडी, तोच वेग, डांबरी रस्त्यावर ऐका. तिथं आवाज निम्म्यावर आला तर बेअरिंग ठीक आहे. बेअरिंगचा आवाज रस्ता बदलल्यानं जात नाही, पण गाडी हलकीशी डावी-उजवी केली की कमीजास्त होतो. गाडी उजवीकडे वळवली की ओझं डाव्या चाकांवर जातं. त्या वेळी घूं वाढली तर डावीकडचं बेअरिंग बघा.

स्टेथोस्कोप

डॉक्टरांचा असतो तसाच, पण छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी धातूचा छोटा डबा आणि त्यात स्क्रूनं बसणारी स्टीलची लांब दांडी. ऑनलाइन पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून हेच करतात आणि ते चुकीचं नाही. फरक असा की स्क्रू ड्रायव्हर लावताना डोकं फिरत्या बेल्टच्या जवळ न्यावं लागतं, स्टेथोस्कोपमध्ये डोकं बॉनेटच्या बाहेर राहतं. एवढ्या एका कारणासाठीही तो घेण्यासारखा आहे.

वापरायची रीत सोपी आहे, पण चुका ठरलेल्या आहेत. दांडी नेहमी न फिरणाऱ्या धातूवर टेकवायची: अल्टरनेटरची बॉडी, आयडलरचा (बेल्टला आधार देणाऱ्या पुलीचा) मधला बोल्ट, वॉटर पंपाचं हाउसिंग, गिअरबॉक्सचं कव्हर. प्लॅस्टिकवर किंवा रबरी होजवर टेकवली तर काहीच कळत नाही. दांडी आधी टेकवा, मग नळ्या कानात घाला. उलट केलं तर पहिल्या धडकेनंच कान सुन्न होतो. बाह्या वर, गळ्यातला रुमाल किंवा उपरणं काढून ठेवा, नळी फॅनपासून लांब. अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू होतो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हमखास.

आवाज मोठा आला म्हणून तो भाग खराब असं ठरवू नका. चांगलं बेअरिंगही स्टेथोस्कोपमधून सूं करतं. खराब बेअरिंगचा आवाज खरबरीत असतो, रेतीवर काही फिरवावं तसा. म्हणून तुलना हवीच. चारही इंजेक्टर एकेक करून ऐका. टिकटिक सारखी हवी. एकाची मंद किंवा अनियमित असेल तर तिथं थांबा. डिझेलचे इंजेक्टर मुळातच जोरात वाजतात, त्याला घाबरू नका. टायमिंग चेनच्या कव्हरवर थंड इंजिनला सुरुवातीचे एक-दोन सेकंद खळखळ ऐकू आली आणि मग थांबली तर ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर उशिरा भरतोय. आधी ऑइलची पातळी आणि दर्जा बघा. रेससोबत चालूच राहिली तर चेन आणि गाइड उघडावे लागतील.

बेल्टच्या किंचाळीसाठी स्टेथोस्कोपची गरजही नाही. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूला बाटलीनं थोडं पाणी मारा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुली सरळ रेषेत नाही किंवा बेल्ट झिजलाय. पाण्यानं आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे. किंचाळीऐवजी घरघर असेल तर बेल्ट काढून इंजिन फक्त २०-३० सेकंद चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, आयडलर किंवा वॉटर पंप. यापेक्षा जास्त वेळ नको, कारण बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो.

दांडी काढून त्या जागी साधी रबरी नळी लावली की हाच स्टेथोस्कोप गळती शोधतो. इनटेक मॅनिफोल्डच्या कडेनं नळीचं टोक फिरवा, हवा ओढली जात असेल तिथं 'सूऽऽ' स्पष्ट येतं. एक्झॉस्टच्या गास्केटजवळ 'फट् फट्' येतं आणि तिथं काजळीचा काळा डागही दिसतो. ही गळती सकाळी थंड इंजिनला जास्त ऐकू येते. लोखंड तापून पसरलं की फट बुजते. संध्याकाळी तापलेल्या गाडीत मिस्त्रीला दाखवायला नेलं तर त्याला काही सापडणार नाही.

उणीव मोठी आहे आणि ती स्वच्छ सांगायला हवी. हे साधन उभ्या गाडीचं आहे. चालत्या गाडीत ओझ्याखाली येणारा आवाज त्याला ऐकू येत नाही. काही जण गाडी रॅम्पवर उचलून गिअर टाकून चाकं फिरवतात आणि मग ऐकतात. हब बेअरिंगसाठी ते ठीक. एक्सलसाठी मात्र फसवं आहे. चाकं लोंबकळली की एक्सलचा कोन रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त होतो आणि चांगला जॉइंटही खडखडतो. असा चांगला एक्सल बदलून घेतलेल्या गाड्या कमी नाहीत. रॅम्पवर ऐकायचंच असेल तर लोअर आर्मखाली घोडी लावून चाक रस्त्यावर असतं त्या उंचीला आणून ऐका.

ओबीडी स्कॅनर

डॅशबोर्डखाली स्टिअरिंगच्या आसपास १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसणारा छोटा डबा. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाकायचं. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हा गाड्यांच्या धुराचा नियम देशभर लागू झाला. त्यानंतरच्या कारमध्ये ही सोय असतेच. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट दिसलं तरी आधी खात्री करा, कारण काही कंपन्यांच्या इंजिन कंट्रोलरची भाषा स्वतःची होती. पाचशे-सातशेच्या डब्यांत बहुतेक ईएलएम ३२७ या चिपच्या नकला असतात. त्या साधे कोड वाचतात, पण काही गाड्यांशी जोडणीच होत नाही आणि आकडे सावकाश येतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला घेऊ नका; वायफाय किंवा ब्लूटूथ ४ वाला घ्या.

स्कॅनरची हद्द समजून घ्या. इंजिन कंट्रोलरला जे सेन्सर दिसतात तेच स्कॅनरला दिसतं. एक्सलच्या जॉइंटला सेन्सर नाही, फाउंडेशनला नाही, क्रॉसला नाही. गाडी हादरत असताना स्कॅनर 'एकही दोष नाही' म्हणाला तर तो चुकलेला नाही. त्यानं इंजिन बरंचसं बाद केलं, तपासाचं अर्धं काम झालं.

मिस मारण्यात मात्र स्कॅनर खरा उपयोगी. रेस दिल्यावर गाडी झटके खाते, चढाला जास्त. स्कॅनरवर दोषाचा कोड येतो: पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर ठरावीक नाही, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे शेवटच्या आकड्याचा सिलिंडर. पी०३०२ आला तर लगेच नवीन कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारा भाग) घेऊ नका. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, चढावर गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. तिथंच राहिला तर असाच बदल प्लगचा करा. प्लगही नसेल तर इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. सीएनजीची गाडी असेल तर याहून आधी पेट्रोलवर टाकून बघा. सीएनजीवर झटके आणि पेट्रोलवर नाहीत, तर अनेकदा झिजलेले प्लग असतात, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर रेस देत प्रवास सुरू ठेवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो आतून वितळतो. मग काही शेकड्यांची दुरुस्ती हजारोंत जाते.

लोक वापरत नाहीत असा स्कॅनरचा आणखी एक उपयोग आहे. आरपीएम (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) आणि वेग हे दोन आकडे एकत्र नोंदवत चौथ्या गिअरमध्ये ४० वरून पूर्ण रेस द्या. एकाच गिअरमध्ये आरपीएमला वेगानं भागलं की उत्तर कायम तेच यायला हवं. मध्येच आरपीएम उडी मारून पुढं गेलं आणि वेग मागं राहिला तर क्लच प्लेट घसरतेय. आकडे समोर असले की 'क्लच ठीक आहे हो' यावर वाद उरत नाही. आवाज आणि वासही येईपर्यंत थांबलात तर फ्लायव्हीलही जळतं.

टर्बो डिझेलमध्ये रेस देताना हिस्स आवाज, ओढ कमी आणि मागून काळा धूर असेल तर आधी इंटरकूलरचे होज हातानं चाचपा. फाटलेल्या जागी तेलकट ओल असते. स्कॅनरवर पी०२९९ दिसला तर टर्बोचा दाब कमी पडतोय, पण टर्बो बदलायच्या आधी होज आणि क्लिप. बीएस-६ डिझेलमध्ये उभ्या गाडीत आरपीएम थोडं वाढलेलं, फॅन जोरात, आवाज जड आणि गरम वास, असं अधूनमधून होत असेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई चालू आहे. तो दोष नाही. त्या वेळी गाडी बंद करण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं महामार्गावर चालवा.

मोबाइल

प्रत्येक मोबाइलमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो. जर्मनीतल्या आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स हे ॲप फुकट आहे आणि त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम नावाचा प्रयोग आहे. सेकंदाला किती वेळा हादरा बसतो ते तो आलेखावर दाखवतो. मोबाइल होल्डरमध्ये ठेवू नका, होल्डर स्वतः थरथरतो. सीटच्या लोखंडी रुळाला किंवा गिअरच्या बाजूच्या कठीण भागाला दुहेरी चिकटपट्टीनं घट्ट बसवा. आलेख शेजारी बसलेल्यानं बघायचा, चालवणाऱ्यानं नाही.

आता गुणाकार. १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ टायर एका फेरीत साधारण १.९५ मीटर जातो. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या ११.४ फेऱ्या. आलेखात ८० ला ११ च्या आसपास उंचवटा आला तर चाकाच्या एका फेरीला एक हादरा: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, फुगलेला टायर. २३ ला आला तर फेरीला दोन: टायर अंडाकृती झालाय. ३४ ला आला, आणि तोही फक्त रेस देताना, तर फेरीला तीन. एक्सलच्या आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात. तीन रोलर, तीन हादरे. एवढा स्पष्ट पुरावा दुसरं कुठलंच साधन देत नाही.

इंजिनाचा हिशेब वेगळा. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात स्फोट ८०, तीन सिलिंडरच्या इंजिनात ६०. एकच सिलिंडर मिस मारत असेल तर दोन फेऱ्यांत एक हुकतो, म्हणजे उंचवटा २० ला. अनेक मोबाइलांचा सेन्सर सेकंदाला शंभर-दोनशे वेळाच मोजतो आणि त्याच्या निम्म्यापर्यंतचंच दिसतं, म्हणून सेकंदाला ८० चा उंचवटा काही मोबाइलांत येणारच नाही. एक्सल आणि चाकांसाठी मात्र साधा फोन पुरतो.

मागची चाकं ओढणाऱ्या गाड्या, म्हणजे ग्रामीण भागातल्या जीपवजा सवारी गाड्या, यांत प्रोपेलर शाफ्टही मोजता येतो. २१५/७५ आर १५ टायर एका फेरीत २.२ मीटर जातो, ८० ला सेकंदाला १० फेऱ्या. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ धरलं, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार, तर शाफ्ट ४० फेऱ्या फिरतो. ४० ला उंचवटा आला तर शाफ्टचं बॅलन्स गेलंय किंवा सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय. चौथ्या गिअरमध्ये अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात आणि दोघांचा उंचवटा एकावर एक येतो, म्हणून ही चाचणी पाचव्यात करा. गाडी निघताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच 'खट्' येत असेल तर मोजत बसू नका: क्रॉस. निपल असेल तर ग्रीस मारून बघा, सैल असेल तर बदला. शाफ्ट खोलताना दोन्ही बाजूंच्या यॉकवर (क्रॉस धरणाऱ्या चिमट्यांवर) खडूनं खूण करायला सांगा. उलटसुलट बसवला तर क्रॉस नवा असूनही थरथर येते. आणि रेस देताना मागून 'हूंऽऽ' येतं, पाय उचलला की त्याचा सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन. आधी डिफरन्शियलमधलं ऑइल तपासा, पातळी आणि रंग दोन्ही.

तिघांनाही न दिसणारं

पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं गाडी गेली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि सुकली की दगड होते. बॅलन्सिंगची वजनं ५ ग्रॅमच्या पटीत लावतात. तो गोळा शंभर-दोनशे ग्रॅमचा सहज असतो. ७०-८० नंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक बॅलन्सिंगला धावतात. काही दुकानांत माती न काढताच वजनं लावून देतात, मग माती गळून पडली की गाडी दुसऱ्या दिशेनं थरथरते. चाक काढा, लाकडी काडीनं माती खरवडा, पाण्यानं धुवा आणि मगच ठरवा. पाण्याचा जोराचा झोत बेअरिंगच्या सीलवर थेट मारू नका.

ठरावीक आरपीएमला पत्रा वाजल्यासारखा 'झ्झ्झ' आवाज बहुतेक वेळा सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याचा असतो. खडीच्या रस्त्यांवर त्याचे स्क्रू गंजून तुटतात. गाडी थंड असताना पत्र्याला हातोडीच्या दांड्यानं टकटक करा, तोच आवाज येईल. मोठी होज क्लिप पाइपाभोवती आवळली की काम होतं. हा पत्रा काढून फेकू नका, वरच्या केबल आणि फरशी त्याच्याच आडोशाला असतात.

फाउंडेशनची चाचणी मोकळ्या जागेत, चाकांना गुटके लावून, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही दाबून. पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा, दोन सेकंदच, मग रिव्हर्समध्ये. दुसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून बॉनेटमध्ये बघायचं, पुढं किंवा मागं कुणीही नको. इंजिन जरासं हलणं ठीक, उडी मारत असेल तर फाउंडेशन फाटलंय. तेल भरलेलं फाउंडेशन गळून खाली डाग पडलेला दिसतो. गाडी निघताना आणि गिअर बदलताना 'धप्' येत असेल तर इंजिनच्या खालची आडवी दांडी आणि तिचे बुश बघा. ती वरच्या फाउंडेशनपेक्षा स्वस्त असते आणि बऱ्याचदा तीच गेलेली असते. तीन सिलिंडरच्या गाड्यांत उभ्या गाडीची थोडी थरथर जन्मजात आहे. त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून हात लावून बघा, मगच खर्च.

आता एक्सल. बाहेरचा जॉइंट गेला की स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस देताना 'टक टक टक' येतं आणि बहुतेक वेळा बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेलं दिसतं. आतला जॉइंट गेला की आवाज नसतो, ४० ते ८० दरम्यान रेस देताना गाडी आडवी डुलते, भरलेल्या गाडीत आणि घाटात जास्त. मांजरसुंब्याच्या चढाला पाच जण आणि सामान घेऊन हा दोष जितका स्पष्ट कळतो तितका शहरात एकट्यानं चालवून कळत नाही. हातानं हलवून तो बहुधा सापडत नाही, कारण झीज रोलर ज्यात फिरतात त्या कपाच्या आतल्या खाचेत असते. दुरुस्ती करताना तिकाटणं (तीन रोलरचा भाग) आणि कप दोन्ही एकत्र बदला, नुसतं ग्रीस भरून थोडे दिवस निभतात इतकंच. जॉइंटसोबत आलेल्या पाकिटातलं काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस सगळं वापरा, साधं पिवळं नको.

गॅरेजला नेताना

अलाइनमेंटनं गाडी एका बाजूला ओढणं थांबतं आणि टायर सारखे झिजतात. थरथर थांबत नाही. थरथरीची तक्रार ऐकून कुणी फक्त अलाइनमेंट सुचवत असेल तर पुढचं दुकान बघा. बॅलन्सिंग करताना वजन लावल्यावर चाक परत फिरवून दोन्ही बाजूंना शून्य आलेलं पडद्यावर बघा. चांगल्या गॅरेजची खूण एकच: मिस्त्री स्वतः गाडीत बसून, आवाज येतो त्या वेगाला, तुमच्यासोबत चालवून बघतो. जो चावी घेऊन 'संध्याकाळी या' म्हणतो त्याला 'आवाज येतो' असं सांगू नका. 'तिसऱ्या-चौथ्या गिअरात, ५० ते ७० ला, रेस देताना थरथरते, न्यूट्रलला नाही' असं लिहून जॉब कार्डवर घ्या. एवढं लिहिलं की टायर बदलायचं सुचवणं अवघड जातं.

खरेदी

स्टेथोस्कोप घेताना दांडी डब्यात घट्ट बसते का आणि दोन्ही कानांत सारखं ऐकू येतं का तपासा. स्वस्तातल्या काहींत कानाच्या रबरी टोप्या कडक असतात, त्या वेगळ्या बदलून मिळतात. स्कॅनर घरी आल्यावर लगेच स्वतःच्या गाडीत लावून बघा, परत करायची मुदत संपायच्या आधी. गाडी उभी करून ठेवताना तो काढून ठेवा. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, डबा रात्रंदिवस करंट खातो आणि आठवडाभर न चाललेली जुनी बॅटरी बसू शकते. एकच घ्यायचं असेल तर दहा वर्षांहून जुन्या गाडीला स्टेथोस्कोप, बीएस-६ पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला स्कॅनर. फायफॉक्सला पैसे लागत नाहीत, म्हणून ते दोन्ही गाड्यांसाठी आधी टाका आणि गाडी चांगली असतानाच ६०, ८० आणि १०० चा आलेख जपून ठेवा. पुढं थरथर आली की कुठला उंचवटा नवीन उगवला ते शेजारी ठेवून बघता येतं.